बॉनेटवरची गोधडी

सांगलीहून बदली होऊन मी रायपूरला आलो तो मे महिना होता. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी उभं राहिलं तर तळ्यातले मासे आपणहून शिजताना दिसायचे. खोटं वाटत असेल तर मेमध्ये येऊन पाहा, मीठ-मसाला घेऊन या. अशा गावात, अशा महिन्यात, ब्राह्मणपाऱ्यातल्या माझ्या नव्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते अंगणात उकिडवे बसून एक भलीमोठी गोधडी उन्हात उलटीपालटी करत होते.

"ही गाडीची आहे, बाबू," ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "हिवाळा येऊन राहिला."

मी वरच्या मजल्याची किल्ली घ्यायला आलो होतो, म्हणून गंभीरपणे मान डोलावली. आज एवढ्या वर्षांनी सांगतो: रायपूरला थंडी पडत नाही. रायपूरची जी काय थंडी आहे ती सगळी त्या एका अंगणात पडते.

हे घरमालक काका म्हणजे पाऱ्यातलं, त्या मोहल्ल्यातलं, जुनं खोड. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं सगळे म्हणत. काकांना ते मान्य नव्हतं. विसरले नव्हते, थंडी ओसरायची वाट पाहत थांबले होते. "गारठ्यात घोडा काढू नये, हा आमच्या घरचा कायदा. ज्यायनं काढले त्यायचे घोडे नागपूरपर्यंत खोकत गेले. आमच्या घराण्यात अजून कोणाले खोकला नाही," असं सांगताना त्यांना हमखास खोकल्याची उबळ यायची.

घोड्याच्या जागी आता गाडी होती. बदामी रंगाची, गोल डोळ्यांची, काकांच्या सिंचन खात्यातल्या तरुणपणी घेतलेली. कोजागिरीचं दूध पिऊन झालं की दुसऱ्या सकाळी तिचं बाळंतपण सुरू व्हायचं. काका आधी बॅटरीची टोकं घासून त्यांना काकूंच्या टाचांचं मलम लावायचे. मग टायरची हवा. "थंडीत हवा आकसते, बाबू. माणूस कसा पोटाशी पाय घेऊन झोपते, तशी." मग वायपरचं रबर, ब्रेकचं तेल, दिव्यांवर पिवळा कागद. डिकीत दोर, टॉर्च, घोंगडी, फुटाणे आणि गुळाची ढेप. तेवढ्या सामानात एखादी पलटण हिमालय ओलांडून पलीकडे संसार थाटून बसली असती.

रोज सकाळी उजाडता उजाडता ते बॉनेटवरची गोधडी काढायचे, तिच्या चार घड्या घालायचे, बॉनेटवर दोन थापा मारायचे आणि किल्ली फिरवायचे. गाडी आधी खाकरायची, मग नाराजीचं काहीतरी पुटपुटायची आणि शेवटी लयीत यायची. जायचं कुठेच नसायचं. नुसती गरम करायची. त्या आवाजावर पाऱ्यातले चहा चढत. समोरच्या घरातल्या पोपटाने तो आवाज असा उचलला होता की एकदा काका तापाने झोपून होते तेव्हा आठवडाभर गाडी पोपटाने चालू ठेवली. शेजारणींना पत्तासुद्धा लागला नाही.

"थंडीत इंजिन अन् जावई, दोघायले घाई करू नये," काका मला सांगायचे. "आधी बसू द्यावं, काही गरम द्यावं, मंग कामाचं बोलावं."

त्या पहिल्या हिवाळ्यात मी एकदा त्यांना रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट ओतताना पकडलं.

"काका, साधं पाणी का नाही घालत?"

"पाणी गोठलं की फुगते. फुगलं की रेडिएटर फाडते."

"रायपुरात पाणी गोठायला बर्फाच्या कारखान्यात न्यावं लागतं, काका."

"मी काय रायपुरासाठी करून राहिलो?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकूंचा आवाज आला. "मंग कोणासाठी करून राहिले, ते तरी सांगून टाका त्या पोट्ट्याले. चिल्फीले तर नेत नाही."

काकांनी बुधलीचं झाकण इतक्या लक्षपूर्वक लावलं की जणू आत काही जिवंत होतं.

चिल्फी म्हणजे कवर्ध्याच्या पुढचा घाट. थंडी चांगली पडली की तिथे दव गोठतं, त्याला तिकडे पाला म्हणतात. सकाळी शेतं पांढरी, गवत पांढरं. काकूंचं माहेर बैतुलकडचं, सातपुड्यातलं. लहानपणी त्यांनी तुरीच्या शेतावर असा पांढरा पाला पडलेला पाहिला होता. माहेरचं सगळं मागे पडलं, घर विकलं गेलं, हाक मारणारं तिथे कुणी उरलं नाही. उरला तो हा पाला. संक्रांतीचा हलवा करायला बसल्या की त्यांना तो आठवायचाच. मंद आचेवर परात, परातीत तीळ, वरून चमचा चमचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं, हलवत राहायचं, तासन् तास. हवा थंड असली तर तिळावर साखरेचे काटे उमलतात. रायपूरच्या हवेत तीळ नुसते फुगायचे, गुळगुळीत, वाटाण्यासारखे.

"काटा येत नाही न बापा इथं," काकू परात माझ्यासमोर धरायच्या. "माझी आई अंगणात बसून करायची. शेतावर पाला, परातीत काटा. बाहेरचं अन् आतलं, दोन्ही सारखंच दिसायचं."

मग त्या काकांकडे बघायच्या, आणि काकांना एकदम गाडीतून काहीतरी आवाज येऊ लागायचा. एका वर्षी क्लचने घात केला. एका वर्षी टायर "मनानं खचले" होते. एका वर्षी गाडी ठणठणीत होती, तर काकांना हवेत "दगाबाज ओल" जाणवली. लग्नापासून ते काकूंना चिल्फीला नेत होते. एखाद्याने दरवर्षी लग्नाचा मांडव घालावा आणि दरवर्षी अक्षता ओल्या झाल्या म्हणून तो काढावा, तसा तो प्रवास.

तरी हिवाळ्यात गाडी बाहेर निघायची, दर रविवारी, सदर बाजारापर्यंत. अंगात स्वेटर, त्यावर कोट, डोक्याला माकडटोपी, गळ्याला मफलर. आत घाम, बाहेर दुचाक्यांचा समुद्र. काका भर दुपारी दिवे लावून, समोरच्या स्कूटरपासून हत्ती मावेल एवढं अंतर ठेवून चालवायचे. त्या अंतरात लगेच बारा स्कूटरी आणि एक हातगाडी मावायची.

"कका, काश्मीर जा रहे हो क्या?" एकदा एका पोराने ओरडून विचारलं.

"हव!" काकांनी काच खाली करून उत्तर दिलं. "व्हाया सदर बाजार."

आणि मला समजावून सांगितलं, "धुक्यात अंतर ठेवणं हीच अक्कल. ब्रेक हळू, स्टिअरिंग हळू, दिवा खाली. वरचा दिवा लावला की धुकं तुमच्याच तोंडावर परत फेकते. अन् काही झालं तरी रस्त्याच्या मधात थांबायचं नाही. मागचा ट्रक सोडत नाही."

"काका, तुम्ही धुक्यात कधी चालवली आहे?"

त्यांनी लगेच हॉर्न वाजवला. समोर काहीच नव्हतं.

ती गोधडी काकूंनीच शिवली होती, स्वतःच्या जुन्या साड्यांची. मधोमध डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीचा तुकडा, कडेला पातळांच्या पट्ट्या, कोपऱ्यात कुठल्याशा रेशमी साडीचे काठ. टाका इतका बारीक की मुंगीला चालायचं तर कमरेला पदर खोचावा लागावा. दरवर्षी काकू तिची डागडुजी करत. आधी त्या सुई ओवायला मला वरून हाक मारायच्या. मग टाका कुठे घालायचा ते बोटाने चाचपू लागल्या. मग एका दिवाळीत त्यांनी पणती लावताना काडी वातीच्या शेजारी टेकवली, आणि काडी विझेपर्यंत तशीच धरून ठेवली.

काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर येत नाही, थेंब टाकून आहे ती जितकी टिकेल तितकी टिकवायची. काकू घरी आल्या, चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि काकांना म्हणाल्या, "मी काही मागत नाही. पण या संक्रांतीले नेलं तर नेलं. पुढच्या वर्षी नेऊन काय दाखवणार तुम्ही मले?"

काका अंगणात जाऊन गाडीपाशी बसले. त्या दिवशी गाडीतून कुठलाच आवाज आला नाही. मी वरून पाहत होतो. पोपटसुद्धा गप्प होता.

आम्ही भोगीच्या दिवशी निघालो. मला मागच्या सीटवर बसवलं होतं, "धक्का मारायला एक जवान माणूस पाहिजे" म्हणून. माझ्या मांडीवर गोधडीची घडी होती. सूर्य उगवल्याशिवाय निघायचं नाही हा काकांचा नियम, त्यामुळे सूर्य उगवण्याची वाट पाहण्यात आमचा चहा तीनदा झाला. निघायच्या आधी गाडीला भोगीचं न्हाणं झालं. न खाई भोगी तो सदा रोगी, हे काकांनी गाडीपर्यंत वाढवलं होतं. वाटीभर तिळाचं तेल घेऊन त्यांनी ती नखशिखान्त चोळली. पत्रा, दारं, बंपर, आणि प्रेमाचा भर ओसरत नव्हता म्हणून पुढची काचसुद्धा. मग फडक्याने पुसून काढली. उन्हात गाडी अशी चमकत होती की तिला बघून पाऱ्यातल्या नव्या नवऱ्या आत गेल्या.

बेमेतरा मागे पडलं आणि जग पुसलं गेलं.

धुकं मी पाहिलं नव्हतं असं नाही. पण हे धुकं येत नव्हतं, आम्हीच त्यात झोपी गेल्यासारखे शिरत होतो. दोन्हीकडची शेतं विरघळली. झाडं आधी यायची नाहीत, त्यांच्या आठवणी यायच्या, आणि मग झाड. एक बैलगाडी आली तिला बैल नव्हते. थोड्या वेळाने बैल आले, त्यांना पाय नव्हते. सूर्य वर असल्याची नुसती अफवा होती. आमच्या चाकांचा आवाजही कुणीतरी कापसात गुंडाळून ठेवला होता. मला वाटलं, आपण असेच कुठेतरी निघून जाऊ आणि कुणाला कळणारही नाही, आणि त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

काचेवर दव साचलं तसा काकांनी वायपर लावला.

वायपरने दव तेलात कालवलं. एका फेरीत काचेवर साय आली, दुसऱ्या फेरीत सायीचं दही झालं. होती नव्हती ती पुढची दोन हात वाटही गेली. काकांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. दही घट्ट झालं.

"बाबू," काका म्हणाले, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "मले काही दिसून नाही राहिलं."

मागून कुठून तरी ट्रकचा भोंगा आला. जवळ होता की लांब, ते धुकं सांगत नव्हतं. थांबावं तर मागचा, चालावं तर पुढचं. काकांचे सगळे नियम गाडीत आमच्याबरोबर बसलेले होते आणि एकही बोलत नव्हता.

काकूंनी आपल्या बाजूची काच खाली केली.

"तुमचीही करा," त्या म्हणाल्या. "अन् तो वायपर बंद करा. ऐकू द्या."

"अवो, मले दिसत नाही म्हणून राहिलो!"

"मंग काय झालं? मले तर रोजच असं दिसते. दिसत नाही म्हणजे रस्ता काय उठून गेला? आहे तिथंच आहे तो. हळू घ्या. अजून हळू."

गार हवा आत आली. काकूंनी डोकं बाहेरच्या बाजूला कलवलं, डोळे मिटले. त्या घरात अशाच चालायच्या, हे मला तेव्हा आठवलं. भिंतीला हात न लावता, पायाखालची फरशी कुठे वाजते आणि कुठे नाही यावरून.

"आता गिट्टी वाजून राहिली. तुम्ही काठावर आले. जरासं उजवीकडे. जरासंच. हव. हा डांबराचा आवाज. धरून ठेवा हा."

काकांनी धरून ठेवला. त्यांचं तोंड पुढे होतं, पण कान काकूंकडे होते. गाडी हत्तीच्या चालीने जात राहिली. मी खिडकीतून मान काढून मागे बघत होतो. तेवढ्यात एक प्रचंड काळं काहीतरी आमच्या उजव्या कानाला घासून गेलं, त्याचा लाल दिवा क्षणभर पेटला आणि धुक्यात बुडाला.

"धूर," काकू म्हणाल्या. "चुलीचा. डावीकडे. कांदा तळून राहिलं कोणी. उतरा आता खाली. सोडा गिट्टीवर, भिऊ नका."

काकांनी गाडी गिट्टीवर सोडली, आणि धुक्यातून एक ढाबा आमच्याकडे चालत आला.

ढाबेवाला फडकं घेऊन काच पुसायला लागला आणि थांबला. बोट काचेवर फिरवलं, नाकाशी नेलं आणि काचेला तेल का चोपडलं म्हणून विचारलं. "कका, ए काच म तेल काबर चुपरे हस?"

"आज भोगी आहे," काका म्हणाले. याहून मोठं कारण त्यांना माहीत नव्हतं.

ढाबेवाल्याने चुलीतली चाळलेली राख आणली आणि ओल्या कागदाने काच घासून दिली. तोवर आम्ही बाकावर चहा पीत बसलो. काकांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

"गाडी तर कधीचीच तयार होती," ते चहात बघत म्हणाले. "मलेच भेव वाटे. धुक्याचं."

"माहीत आहे मले," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षात एक इंजिन तयार होत नाही काय? बाई दोन लेकरं करते तेवढ्यात."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही इतकी मेहनत करून राहिले होते. माणसाले बहाणा असा जीव लावून करताना मी पाहिलाच नव्हता." त्यांनी चाचपून काकांची माकडटोपी सरळ केली. "चला. काच झाली असंल."

मी ढाब्यातल्या कोंबड्यांकडे बघू लागलो.

धुकं उठलं तेव्हा कवर्धा आलं होतं. घाट काकांनी असा चढला की वळणांनीच त्यांना वाट करून दिली. वर त्यांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं घर होतं, त्याच्या अंगणात मुक्काम. काकांनी गाडी झाडाखाली न लावता उघड्या आभाळाखाली लावली. हा त्यांच्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध प्रकार होता. बॉनेटवर गोधडी घातली, चारी कोपरे सारखे केले. आभाळ इतकं स्वच्छ होतं की चांदण्यांचा आवाज येईल असं वाटत होतं. घरधनी वर बघून म्हणाला, "आज पाला परही." काका गोधडीवरून एकदा हात फिरवून आत गेले.

संक्रांतीला उजाडता उजाडता त्यांनी मला हलवलं. तोंडावर बोट. मी घोंगडी ओढून बाहेर आलो.

जग पिठात बुडवून काढलेलं होतं. तुरीची शेतं पांढरी, कुंपण पांढरं, गवताचं एकेक पातं वेगळं काढून साखरेत घोळवलेलं. कुठे पक्षी नाही, वारा नाही. अंगणाच्या मधोमध गाडी उभी होती आणि तिच्यावरची गोधडी पांढरीशुभ्र झाली होती. हिरवा तुकडाही पांढरा, काठही पांढरे.

काका काकूंना दंडाला धरून बाहेर घेऊन आले. पायरीवर काकू थांबल्या. बराच वेळ समोर बघत राहिल्या.

"पांढरं दिसून राहिलं," त्या हळूच म्हणाल्या. "पण अहो, हे शेत आहे की माझेच डोळे आहेत? मले आता समजत नाही."

काकांनी काकूंना गाडीपाशी नेलं, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि गोधडीवर ठेवला.

काकूंची बोटं आधी दचकली. मग हळूहळू हलू लागली, परातीत तीळ हलवावेत तशी. सुती पातळावर काटे बारीक होते, रेशमाच्या काठावर लांब. मधल्या तुकड्यावर आल्या तेव्हा थांबल्या. तो तुकडा त्यांनी न बघता ओळखला.

"अहो," त्या म्हणाल्या, "काटा आला."

"हव," काका म्हणाले. "पाक जमला."

काकू हसल्या. बोटाला लागलेलं त्यांनी जिभेवर ठेवलं, लहान मुलीसारखं, आणि पुन्हा हात गोधडीवर ठेवला.

डोंगरामागे उजेड वाढत होता. काकांच्या गाडी गरम करायच्या वेळेला घड्याळ लागत नसे. त्यांचा हात सवयीने कोटाच्या खिशात गेला आणि किल्ली घेऊन बाहेर आला. ते गाडीच्या दाराशी गेले. बॉनेटकडे पाहिलं. बॉनेटवरच्या त्या हाताकडे पाहिलं. इंजिन तापलं की पहिल्या दोन मिनिटांत गोधडी ओली होणार, हे त्यांच्याइतकं अख्ख्या छत्तीसगडात कुणाला माहीत नव्हतं.

"काका, गाडी?" मी कुजबुजलो.

काकांनी किल्ली परत खिशात टाकली आणि वरून खिसा दाबून धरला.

"झोपू दे तिले आज," ते म्हणाले.